‘तोलंबी’, ३ आणि ६, घ आणि ध: कानाचं की डोळ्याचं?

रेवदंड्याची सून:
नमस्कार मंडळी. लेक साडेचार वर्षांची आहे, बालवाडीत जाते. बोलायला लागली की थांबत नाही, पण क च्या जागी त. काका म्हणजे ‘ताता’, कोळंबी म्हणजे ‘तोलंबी’. सासरे तर मजा म्हणून मुद्दाम वदवून घेतात. पाण्याला ‘पानी’. अक्षरांत घ-ध आणि भ-म यांची सरमिसळ. ३ काढ म्हटलं की ६ काढते. परवा बालवाडीतल्या बाईंनी वहीत लाल शाईने लिहिलं, "ऐकण्यात, बघण्यात लक्ष नाही. रोज वीस वेळा गिरवून घ्या."

आता हीच पोरगी टोपलीतली तारली आणि लहान बांगडा झटक्यात वेगळे करते. खाडीत होडी शिरली की नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून "आजोबा आले" म्हणून ओरडते, आणि आलेले असतात! मग लक्ष नाही कसं म्हणायचं? घरात सगळे आगरी-कोळी बोलतात, मी माहेरची दापोलीची, ‘पाणी’ म्हणणारी एकटीच. कान तपासू, डोळे तपासू, की गिरवून घेऊ?

खारंवारं:
माझा भाचा शाळेत जाईपर्यंत र ला ल म्हणायचा. आता वक्तृत्वात बक्षिसं आणतो. होतं आपोआप, टेन्शन घेऊ नका.

पाखाडी:
खारंवारं, निम्मं बरोबर. र उशिरा येतो, त्याची घाई नसते. क चं तसं नाही. दोन-तीन वर्षांची पुष्कळ मुलं क ला त म्हणतात, पण साडेचारला बहुतेकांचं ते सुटलेलं असतं. म्हणून आधी कान तपासा. गिरवणं मला विचाराल तर नकोच.

गुहागरकडच्या बालवाडीत हयात गेली, शिकले कोसबाडला, ताराबाई मोडकांच्या बालशिक्षण केंद्रात, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

‘तोलंबी’त दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बाईंनी त्या एकाच पोत्यात भरल्या. ळ चा ल झालाय तो घरच्या बोलीमुळे. तुमच्याकडे ‘पानी’च म्हणतात, पोर ऐकते ते बोलते, यात दोष कसला? तान्ह्या बाळाचा कान सगळ्या भाषांना उघडा असतो. वर्कर आणि टीस या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवलं की इंग्रजी बोलणाऱ्या घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले त आणि ट वेगळे ओळखतात, आणि वर्षाची होईतो बहुतेकांचं ते जातं. कारण त्या फरकावाचून त्यांच्या घरात कुणाचं अडत नाही. तुमच्या लेकीच्या कानावर ‘पानी’ही पडतं आणि आईचं ‘पाणी’ही. तिला दोन्ही येईल. सासूबाईंना सुधारायला मात्र जाऊ नका!

क चं बघायचं ते असं की अडतंय कानाला की जिभेला. तुम्हीच तिला विचारा, "तोलंबी हवी का गं?" ती चिडून "तोलंबी नाय, तोलंबी!" म्हणाली तर कानाला फरक कळतोय, जीभ मागे आहे. बर्को आणि ब्राऊन या संशोधकांनी १९६० मध्ये असाच एक मुलगा नोंदवलाय, आणि तोही माशावरूनच. खेळण्यातल्या प्लास्टिकच्या फिशला तो स्वतः ‘फिस’ म्हणायचा, पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलेलं त्याला खपायचं नाही. दुसरं, कार आणि तार अशी दोन चित्रं समोर ठेवा, तोंडाआड कागद धरून एकेक नाव घ्या, ती कुठे बोट ठेवते बघा.

अक्षरांचं दुखणं उलटंच आहे. मासा डावीकडे तोंड करून पडलेला असो की उजवीकडे, तारली ती तारलीच. दिशा बदलली म्हणून वस्तू बदलत नाही, हे ती जन्मापासून शिकत आलीये. आणि आता आपण सांगतो, ३ चं तोंड फिरवलं की ६! छत्तीसचा आकडा म्हणतात तो याच दोघांचा. सहा-सात वर्षांपर्यंत ही उलटापालट चालायचीच. घ-ध, भ-म यांत तर फरक केवढासा: ध ला आणि भ ला डावीकडे वर गाठ, आणि तिथे शिरोरेषा तुटलेली. नुसता घ वीस वेळा गिरवून ध कुठे वेगळा आहे ते कसं कळणार? दोन्ही शेजारी शेजारी काढा, पुळणीवर बोटाने, चांगले हातभर. गाठ कुठे ते तिला शोधू दे.

आवाजांचंही तेच. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला, समुद्रकाठीच, काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं वापरली. तुम्हीही सारख्या डब्या घ्या: दोन डब्यांत चिंचोके, दुसऱ्या दोन डब्यांत तांदूळ, आणखी दोन डब्यांत कोरडी वाळू. झाकण न उघडता वाजवून जोड्या लावायच्या. चिंचोके कुणीही ओळखतं. तांदूळ आणि वाळू उरली की पोर डबी कानाशी नेतं, डोळे मिटतं, हळूच हलवतं. मला तो क्षण फार आवडतो. आधी आवाजात फार फरक असलेल्या डब्या, मग थोडा फरक असलेल्या, एवढं सांभाळा.

टिकटिक:
मी कान तपासण्याच्याच कामात आहे, ऑडिओलॉजिस्ट. इंजिन ऐकू येतं म्हणून कान साफ असं धरू नका. इंजिन जोरात आणि बराच वेळ वाजतं. क आणि त मधला फरक क्षणभराचा असतो. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, मग मूल एक दिवस नीट ऐकतं, एक दिवस नाही, आणि वर्गात ‘लक्ष नाही’ ठरतं. टीव्ही मोठा लावते का? तोंडाने श्वास, घोरणं? टिंपॅनोमेट्री, म्हणजे पडदा नीट हलतो का हे बघणारी तपासणी, काही मिनिटांची, दुखत नाही. ऐकण्याची तपासणी या वयात खेळातच होते: टिंग ऐकलं की ठोकळा डब्यात टाकायचा. पाणी बहुधा तीनेक महिन्यांत आपोआप जातं, पण लक्ष ठेवावं लागतं.

आणि बालवाडीच्या छपराला पत्रे असतील तर पावसात तिला पुढे बसवायला सांगा. गोंगाटातून शब्द वेचणं लहान मुलांना मोठ्यांपेक्षा फार जड जातं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, फुकट तपासतं. २०१३ मध्ये या योजनेची सुरुवात आपल्या पालघरलाच झाली.

रेवदंड्याची सून:
पाखाडीताई, विचारलं. अशी फणकारली की बस! डबीचा खेळ सासऱ्यांनीच ताब्यात घेतलाय. पण टिकटिक, ती घोरते हो, पावसाळाभर नाक वाहतंच. आमची बालवाडी खासगी, पथक येत नाही. अंगणवाडीत न्यायची का?

टिकटिक:
सेविकेला तारीख विचारून ठेवा, पण घोरते म्हणालात तर तेवढ्यासाठी थांबू नका. अलिबागला सिव्हिलमध्ये कान-नाक-घसा डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते फोनवर विचारा आणि सरळ जा. डोळेही त्याच फेरीत दाखवून घ्या. आणि तोवर कुणी कितीही सांगितलं तरी कानात खोबरेल घालू नका, नाहीतर तपासताना पडदाच दिसत नाही.