पोराचा गुडघा फुटलाय, रोज हायड्रोजन पेरॉक्साईड टाकू का?

वाईकर७७
काल पोरगं सायकलवरून पडलं, गोठ्यासमोरच, गुडघा चांगलाच सोललाय. आईने आल्याआल्या हळद दाबली, मी धुऊन काढली, त्यावरून घरात महाभारत. मेडिकलवाल्याने हायड्रोजन पेरॉक्साईड दिलंय, टाकलं की फसफसतं, पोरगं बोंबलतं पण घाण निघतेय असं वाटतं. रोज टाकू का? की डेटॉल बरं? आमच्या लहानपणी ते लाल औषध असायचं, सगळ्याला तेच.

वॉर्डातली_ताई
त्या लाल औषधात पारा असायचा दादा, गेलं ते बरंच झालं. आणि फेस आला म्हणजे जंतू मरतायत असं काही नाही, आपल्याच रक्तात कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं ते पेरॉक्साईड फोडतं आणि ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. रोज टाकलंत तर नवी येणारी कातडीही दुखावते. आधी नळाच्या धारेखाली धरा पाच-दहा मिनिटं, माती-खडे निघेपर्यंत, निम्मं काम तिथेच होतं. मग बेटाडिनचा पातळ थर, आणि लगेच पुसू नका!! त्यातलं आयोडीन हळूहळू सुटतं, वाळेपर्यंत वेळ द्या. डेटॉल लावायचंच तर बाटलीवर लिहिलंय तेवढं पाणी घालून, कच्चं नको.

चिपळूणचा_पाऊस
सॅव्हलॉनवाल्यांसाठी एक, आम्ही कित्येक वर्षं साबणाच्या पाण्यातच ओतायचो, डबल सफाई म्हणून 😅 त्यातलं सेट्रिमाइड आणि क्लोरहेक्झिडिन धन भाराचं, जंतूच्या आवरणावर ऋण भार, म्हणून तिथे चिकटून ते फोडतं. पण साबणही ऋण भाराचा, मग औषध त्यालाच चिकटून बसतं आणि जंतू मजेत. साबण आधी, नीट खळखळून धुवा, नंतर सॅव्हलॉन.

वॉर्डातली_ताई
अहो गोठ्यासमोर पडला ना? धनुर्वाताचे बीजाणू माती-शेणातच असतात आणि ते भयंकर चिवट, वरून लावायच्या औषधावर तिथे भरवसा नको. इंजेक्शन झालंय का? 10 आणि 16 व्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) असतं.

वाईकर७७
11 चा आहे. कार्ड काढलं, 10 ची जागा कोरी 🙈 संध्याकाळीच नेतो. हळदीचं आईला कसं सांगायचं ते मात्र कोणीच सांगितलं नाही.