मदत हवी आहे: काळ्या कुत्र्याचे चित्रासाठी फोटो कसे काढावेत?

नमस्कार मंडळी,

चिपळूणजवळ आमच्या गावच्या घरी मोती आहे. गावठी, अंगभर काळा, आता १२ वर्षांचा. डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतील, तेव्हा त्यांना मोतीचं जलरंगातलं चित्र द्यायचंय. चित्रकार पुण्याचे, फोटोंवरूनच काढणार. पण असलेले फोटो पाहून ते म्हणाले, डोळा कुठला नि केस कुठले तेच कळत नाही. उन्हात पाठ चकाकते आणि चेहरा नुसता काळा दिसतो. घरात फ्लॅश टाकला तर डोळे हिरवे पेटतात.

तोंडाभोवतीचे पिकलेले केस आणि डाव्या कानाचा फाटलेला कोपरा चित्रात यायलाच हवा. त्याशिवाय तो आमचा मोती वाटणार नाही. गणपतीत गावी जातेय, जवळ फक्त मोबाइल आहे. पोर्ट्रेट मोड वापरू का? किती लांबून काढू? मोबाइल दिसला की तो तोंड फिरवतो, त्याला काय करावं?

प्रतिसाद:

मी प्राण्यांची चित्रं काढते, म्हणून सांगते. पडवी आहे ना? मग उजेडाची काळजी नको. गणपतीत आभाळ भरलेलं असलं तर फारच छान. मोतीला पडवीच्या कडेला बसवा, उजेड एका बाजूने पडू द्या. जलरंगात पांढऱ्यासाठी सहसा कागद कोरा सोडतात, त्यामुळे काळ्या केसांवर उजेड नेमका कुठे आहे हे रंग लावण्याआधीच ठरवावं लागतं. ते फोटोत दिसलं नाही, तर चित्रकार अंदाजानेच काढणार.

मागे पांढरी भिंत नको, तिच्यामुळे कॅमेरा उजेड कमी करतो आणि मोती आणखी काळा पडतो. स्क्रीनवर त्याच्या डोळ्यावर बोट दाबून धरा, मग उजेड थोडा वाढवा. जमिनीवर बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. अगदी जवळून काढलं की नाक मोठं आणि कान बारके येतात. सहा-सात फूट मागे सरका, दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. पोर्ट्रेट मोड बंदच ठेवा, तो मिशा आणि कानाची कड पुसून टाकतो. तुमचा फाटलेला कोपराच जायचा! त्या कानाचा आणि पिकलेल्या केसांचा जवळून वेगळा फोटो घ्या.

वयाने डोळ्यांत निळसर झाक आली असेल, तर ती ठेवायची का हे चित्रकारांना आधीच सांगा. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक तपशील जातात.

धागाकर्ती:

खूप आभार! बाबांच्या चपलांचा आवाज आला की तो कान टवकारून मान तिरकी करतो. तीच मुद्रा हवी आहे. पण तेव्हा फाटका कान पलीकडे गेला तर?

प्रतिसाद:

बाबांना अंगणात फेऱ्या मारायला लावा, कारण मात्र सांगू नका. एका दमात भराभर बरेच फोटो घ्या. कान दुसऱ्या फोटोतून घेता येतो, फक्त दोन्हींत उजेड एकाच बाजूचा हवा.