'कॅश रिकामी करा' : मराठीत काय म्हणावं? (नागपूरच्या चार वस्त्यांतल्या चौघांच्या गप्पा)

रामदासपेठ : एका संस्थेच्या संगणक-पुस्तिकेचं मराठी करताना मी बिनदिक्कत लिहिलं, 'आधी कॅश रिकामी करा.' तिथल्या हिशेबनीस काकांनी चष्मा काढला. "आणि ठेवायची कुठं?" देवनागरीत दोन्ही कॅश सारख्याच : एक रोकड (cash), दुसरी संगणकानं पटकन मिळावी म्हणून जवळ ठेवलेली माहितीची प्रत (cache). पुढच्याच पानावर 'डिस्ट्रिब्युटेड कॅश' आहे, म्हणजे अनेक संगणकांवर पसरलेली. सुचवा काही.

सीताबर्डी : आमच्या दुरुस्तीच्या दुकानात सगळे 'कॅचे'च म्हणून राहिले. चूक आहे, मान्य. पण नोटांशी घोळ होत नाही न बाप्पा!

महाल : मूळ फ्रेंच 'काशे', म्हणजे लपवणे. उत्तर अमेरिकेत फरसाठी शिकार करणारे लोक वाटेत खड्डा खणून शिधा पुरून ठेवत, तो कॅश. आपलं पेवच की! ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली संगणकासाठी ही कल्पना मांडली ती 'गुलाम स्मृती' अशा नावानं. पुढे आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या संगणकाबरोबर, १९६८ च्या सुमारास, 'कॅश' रुळला. बरं झालं.

रामदासपेठ : पेव छान आहे हो काका, पण उलटं पडतं. पेव उघडायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, आणि कॅश असते ती वेळ वाचवायला. शिवाय पेवात मूळ धान्य असतं, इथे नुसती प्रत.

धंतोली : मग पाणपोई म्हणा. ४५ अंशांत पाणी प्यायला पेंच धरणावर कोण जातं? चौकातल्या माठातून पितो. दूरच्या सर्व्हरवरचं, म्हणजे माहिती पुरवणाऱ्या संगणकावरचं, चित्र जवळच्या सर्व्हरवरून मिळतं, ते हेच.

महाल : ताई, माठ रिकामा होतो. प्रत हजारांनी वाचली तरी तेवढीच राहते.

धंतोली : पण शिळी होते ना! म्हणून तर तिला मुदत घालून देतात. ती संपली की मूळ ठिकाणी विचारायचं.

रामदासपेठ : 'शिळी' पक्कं. कॅशसाठी मला आता 'हातसाठा' सुचतोय. हातखर्च, हातउसने यांच्या पंगतीत बसतो, आणि हाताशी असणं हाच तर मुद्दा. अडतंय ते 'वितरित'पाशी. बक्षीस वितरित झालं म्हणजे देऊन टाकलं. 'विखुरलेला' म्हटलं तर पसारा वाटतो. आणि गोष्टीही दोन आहेत : ताईंच्या पाणपोयांसारखी एकच प्रत जागोजागी, किंवा एकच साठा अनेक सर्व्हरांत तुकडे करून.

महाल : पहिला 'ठिकठिकाणचा हातसाठा', दुसरा 'वाटणीचा'. वाटणीवरून आठवलं. प्रत्येक माहितीला एक किल्ली, म्हणजे ओळखखूण, असते; तिच्या आकड्याला सर्व्हरांच्या संख्येनं भागून बाकीवरून जागा ठरवली, तर चाराचे पाच सर्व्हर होताच सुमारे ८० टक्के माहितीची जागा बदलते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या मंडळींनी १९९७ मध्ये 'कन्सिस्टंट हॅशिंग' ही वाटणीची पद्धत मांडली, त्यात सरासरी २० टक्केच हलते. पाचवा वाटेकरी आला म्हणून वावरातले सगळे धुरे मोडत नाहीत, प्रत्येकाकडून थोडं थोडं घेऊन त्याला देतात.

सीताबर्डी : काका, हे झ्याक. पण गिऱ्हाइकाला 'हातसाठा पुसतो' म्हटलं तर तो मोबाइल घेऊन पळंल.

रामदासपेठ : दुकानात कॅचेच चालू द्या भाऊ. पुस्तिकेत मी 'हातसाठा' लिहितो, आणि हिशेबनीस काकांसाठी पहिल्या पानावर एक ओळ : यात पैसे नाहीत.