स्पेक्ट्रमच्या कॅसेट: टॅप फाइल झाली म्हणजे गेम वाचला का?

टेपवेडा
झेडएक्स स्पेक्ट्रमचे गेम (कॅसेटवरून गेम चढवणारा १९८२ चा घरगुती संगणक) ‘जपलेत’ असं कोणी सांगितलं की बघावं, हाती काय आहे. बहुतेकदा स्नॅपशॉट निघतो. म्हणजे एका क्षणी मेमरीत जे होतं तेवढंच. लोडिंग स्क्रीन नाही, टेपवरच्या पुढच्या लेव्हल नाहीत. ४८के मेमरीच्या यंत्राची एसएनए ही स्नॅपशॉट फाइल तर प्रोग्रॅम काउंटर (पुढची आज्ञा कुठे आहे तो पत्ता) स्टॅकवर, म्हणजे मेमरीतच, ढकलून ठेवते, त्यात मूळ मेमरीतले दोन बाइट जातात. टॅप फाइल (टेपवरून वाचलेले डेटाचे ब्लॉक) त्याहून बरी, पण पुरेशी नाही. आधी वेव्ह (टेपच्या आवाजाचं कच्चं रेकॉर्डिंग), मग टीझेडएक्स (डेटासोबत पल्सच्या वेळाही नोंदवणारी फाइल). खेळणं नंतर.

उगाचबाइट
स्नॅपशॉटचं मान्य. टॅपला कशाला मोडीत काढता? दोन बाइट लांबी, फ्लॅग (ब्लॉकचा प्रकार), डेटा, शेवटी एक्सॉर चेकसम (बाइट एकमेकांशी एक्सॉर करून काढलेला पडताळणीचा बाइट). रॉमने (यंत्रातल्या कायमच्या प्रोग्रॅमने) टेपवरून जे वाचलं ते जसंच्या तसं आहे की. पत्र जपताना टपालाची थैली कोण जपतं? पाच मिनिटांच्या लोडिंगची मोनो वेव्ह २६ एमबी, टॅप ५० केबीच्या आसपास.

टेपवेडा
थैलीवरच कुलूप असेल तर? १९८४-८५ पासूनचे बरेच विकाऊ गेम रॉमचा लोडर (टेप वाचणारा भाग) फक्त सुरुवातीला वापरतात. रॉमच्या हिशेबात पायलटचा (डेटाआधीच्या सुराचा) पल्स २१६८ टी-स्टेटचा (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके), शून्य म्हणजे ८५५ चे दोन पल्स, एक म्हणजे १७१० चे दोन. स्पीडलॉकसारखे कॉपी रोखणारे लोडर हे आकडे बदलतात, पायलटचे तुकडे पाडतात. टॅपमध्ये ते लिहायला रकानाच नाही. आणि २६ एमबीचं रडगाणं आज कोण ऐकणार?

अझिमुथ
भांडा खुशाल, पण रेकॉर्डिंगच फसलं तर दोन्ही फाइली वाया. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॅसेटमधला फेल्टचा पॅड जागेवर आहे का बघा. गोंद सुटला की टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज मध्येच बसतो. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद, ऑटो लेव्हल (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद. ४४१०० हर्ट्झ, १६ बिट. एमपी३ चं नाव काढू नका.
स्टीरिओ डेक असेल तर दोन्ही चॅनल रेकॉर्ड करा, डीकोडला मात्र एकच द्या. हेड जरा तिरकं असलं की दोन्ही मिसळताना वरच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात. शून्याचा सूर साधारण २०४७ हर्ट्झ, एकचा १०२३; मार आधी शून्याला बसतो. डेटाचा चरचराट चालू असताना हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरवायचा, आवाज सर्वात धारदार होईल तिथे थांबायचं. घाई केलीत तर मूळ जागाही हरवते, म्हणून आधी स्क्रूवर मार्करने खूण करा.
आणि चेकसमवर विसंबू नका. दोन बाइटांतले एकाच जागचे बिट उलटले तर एक्सॉर गप्प बसतो. टेप दोनदा वाजवा, दोन्ही फाइली ताडून बघा.

उगाचबाइट
हे पटलं. पण मग टीझेडएक्ससुद्धा कोणीतरी लावलेला अर्थच झाला ना? तुमच्याच तर्काने फक्त वेव्ह ठेवा.

टेपवेडा
ठेवतोच आहोत राव. टीझेडएक्स वापरायला, वेव्ह तंटा झालाच तर पडताळायला.

जुनं_लोखंड
ही सगळी सावली आहे. गेम खऱ्या यंत्रावर, पिक्चर ट्यूबवर पाहावा.

अझिमुथ
पाहा की. फक्त अ‍ॅडॉप्टर लावण्याआधी पिन तपासा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट, आतलं टोक ऋण. बाजारातले बहुतेक उलटे असतात. खालच्या १६के मधल्या ४११६ मेमरी चिपांना +५, −५ आणि +१२ असे तीन व्होल्टेज लागतात; आतलं कन्व्हर्टर बिघडून −५ गेलं की चिपा जातात. हे यंत्र किती काळ पुरणार?

उगाचबाइट
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. ‘जेट सेट विली’ (१९८४) सुरू करताना रंगीत चौकोनांच्या कार्डावरचा कोड विचारतो. कार्डाचं स्कॅन नसेल तर तुमची ती अस्सल वेव्ह दारातच अडते. शिवाय त्यात माळ्याचा बग आहे: माळ्यावर जाऊन आलं की काही खोल्यांत शिरताच विली मरतो. दुरुस्तीचे पोक (मेमरीतला बाइट बदलणाऱ्या आज्ञा) नंतर आले. मग जपायचा कोणता? मी म्हणतो दुरुस्त केलेला, नाहीतर गेम पुराच होत नाही.

टेपवेडा
छे. दुकानात विकला गेला तो बगसकटच. पोक लावलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा, मूळ फाइलला हात लावू नका. कार्डाचं मात्र खरं आहे: ६०० डीपीआयला स्कॅन करा, रंग आपोआप सुधारण्याची सोय बंद ठेवून. नाहीतर निळा आणि जांभळा ओळखताना बोंब.