झोपून उठलं की लेकरू सारखं पुढं वाकतंय, हात फेकतंय, कुणी पाह्यलंय का असं?

साडेपाच_महिन्याची_आई

नमस्कार. पहिल्यांदाच लिहायलेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगा साडेपाच महिन्याचा आहे, मी अजून माहेरीच आहे गंगाखेडजवळ. आठ-दहा दिवस झाले बघायलेय, सकाळी नाहीतर दुपारी झोपून उठलं की लगेच त्याचं डोकं एकदम पुढं वाकतं अन दोन्ही हात फेकल्यासारखे होतात, पाय पण पोटाकडं ओढतं, एक-दोन सेकंदाचंच असतंय, की परत नॉर्मल. मग दहा-पंधरा सेकंदानं परत तसंच. काल मोजलं तर लागोपाठ १४ वेळा झालं. मधीच रडतं, अन संपलं की दमून पडून राहतं. ताप नाही, दूध पितंय. आई म्हणती दचकायलंय, सासूबाई फोनवर म्हणल्या कळ येत असंल वेखंड लाव, शेजारच्या मावशी मीठ-मोहऱ्यानं दृष्ट काढून गेल्या. इथल्या डॉक्टरकडं नेलं तर त्यांच्यासमोर काहीच केलं नाही, गप पडून राह्यलं, त्यांनी गॅसचे थेंब दिले. अजून एक, लिहावं का नाही कळंना, पंधरा दिवसाखाली आवाज दिला की हसायचं, आता तोंडाकडं बघतच नाही नीट. का मलाच असं वाटायलंय? मिस्टर पुण्याला कंपनीत आहेत, ते म्हणतात गुगल करत बसू नको. रात्रीची झोपच गेलीय.

जालन्याची_ताई

अगं एवढं घाबरू नकोस. माझी मुलगी महिन्याची असताना झोपेत हातपाय असे उडायचे की आम्ही रात्री दोन वाजता गाडी काढली होती. डॉक्टरांनी विचारलं उठवलं की थांबतं का, म्हणलं हो, उठवलं की एकदम बंद. मग म्हणले हे फक्त झोपेतलं आहे, घाबरायचं कारण नाही. चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप गेलं. दचकून हात पसरणं पण लहान लेकरात असतंच की, आवाज झाला, खाली ठेवलं की.

लातूरचा_बाप

जालन्याच्या ताईचं त्यांच्या लेकरापुरतं बरोबर आहे पण ताई, तुमचं वेगळं वाटायलंय मला, म्हणून लांबलचक लिहितो. त्यांच्या मुलीचं झोपेत व्हायचं अन उठवलं की थांबायचं. तुमच्या बाळाचं झोपून उठल्यावर चालू व्हायलंय, जागेपणी, अन एकामागं एक लायनीनं. दचकणं एकदा होतं, कशानं तरी होतं, अन ती सवय चौथ्या ते सहाव्या महिन्यात जातच असते. हे कशाशिवाय होतंय अन आत्ता नवीन सुरू झालंय.

माझ्या मुलीला पाचव्या महिन्यात सेम हेच होतं. नमस्कार केल्यासारखं वाकायची, आम्ही तर हसायचो, व्हिडिओ नातेवाइकांना पाठवायचो की बघा पोरगी पाया पडायली. आता आठवलं की पोटात गोळा येतो. गॅस म्हणून दोन महिने गेले आमचे. नंतर एका डॉक्टरनं तोच व्हिडिओ बघितला अन चेहराच बदलला त्यांचा, लगेच इइजी, म्हणजे डोक्याला वायरी लावून काढतात तो मेंदूचा आलेख, करायला लावला. याला इन्फंटाइल स्पाझम म्हणतात, जुने डॉक्टर सलाम अटॅक पण म्हणतात. ही फिटच असते, फक्त आपल्याला माहीत असलेल्या आकडीसारखी दिसत नाही, फेस नाही की डोळे पांढरे नाही, त्यामुळंच कळत नाही. बहुतेकदा चौथ्या ते सातव्या महिन्यात सुरू होतं. अन हसणं कमी झालंय म्हणता ना, ते तुमच्या मनाचं असेलच असं नाही, डॉक्टरला सगळ्यात आधी तेच सांगा.

मी डॉक्टर नाही. असेलच असं म्हणत नाही. पण हे असेल तर एकेक दिवस मोलाचा असतो, उशीर झाला तर बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो. उद्याच निघा.

बीडची_आज्जी

पोरी, लातूरच्या भावाचं ऐक. आमच्या काळी कुणाला काय कळायचं, माझ्या जावेच्या लेकराला असंच व्हायचं तर पोटावर बिब्ब्याचा डाग दिला, लेकराची जखम चिघळली ते वेगळंच अन आकडी काही थांबली नाही. तसलं कुणी म्हणलं तर दारात उभं करू नको. दृष्ट काढायची तर काढू दे, त्यानं काही बिघडत नाही, पण काढून झाली की दवाखान्यात जा.

निवृत्त_सिस्टर_नांदेड

बालरोग वॉर्डात बरीच वर्षं काढली म्हणून दोन गोष्टी. व्हिडिओ काढ पण नीट काढ. दुपटं बाजूला, उजेडात, तोंडापासून पायापर्यंत सगळं लेकरू दिसलं पाहिजे, अन एकच झटका नको, पूर्ण लाइन घे. डॉक्टरपुढं लेकरू कधीच करत नसतं, आमच्या वॉर्डाचा अनुभव आहे.

दुसरं, सगळंच फिट नसतं. नुसती थरथर असेल तर हात हलकेच धरला की थांबते, फिट धरल्यानं थांबत नाही. कॅल्शियम कमी झालं तरी झटके येतात. आपल्याकडं अजून एक लई बघितलंय, आई पूर्ण शाकाहारी, दूधदुभतंही कमीच, अन लेकरू फक्त अंगावर, तर बी-१२ कमी पडतं, लेकरू फिकट दिसतं, केस विरळ भुरे, मान धरायचं पण विसरतं अन मग थरथरायला लागतं, पण ते जास्त करून सहा महिन्यापुढं. म्हणून रक्त तपासतीलच, तुझंही तपासून घे.

परभणी सिव्हिलला जा आधी, जिल्हा रुग्णालयात लहान लेकरांच्या वाढीचं डीईआयसी म्हणून केंद्र असतं. पुढं पाठवलं तर सरकारी मेडिकल कॉलेजचे मोठे दवाखाने आहेत, नांदेडचं विष्णुपुरी, अंबाजोगाईचं स्वाराती नाहीतर संभाजीनगरची घाटी. झटका चालू असताना कुशीवर घे, तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालू नको, कांदा चप्पल हुंगवू नको. निळं पडलं किंवा पाच मिनिटाच्या वर चाललं तर सरळ १०८.

साडेपाच_महिन्याची_आई

सगळं वाचलं, वाचून रडू आलं पण बरं झालं लिहिलं. आज सकाळी भावानं व्हिडिओ काढला पूर्ण, ११ झाले. मिस्टरला पाठवला, ते रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालेत. लातूरच्या दादा, तुमची मुलगी आता कशी आहे? विचारू का नको असं होतंय.

लातूरचा_बाप

विचारा की. चार वर्षाची आहे. चालायला लागली ती दोन वर्षाची झाल्यावर, बोलणं अजून कमी आहे, लातूरला स्पीच थेरपीला नेतो आठवड्याला. झटके औषध सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात थांबले. आम्हाला एसीटीएच नावाच्या हार्मोनची इंजेक्शनं होती, रोज. तोंड सुजून मोठं झालेलं, भूक भूक करायची, दिवसरात्र चिडचिड, बीपी मोजायला न्यावं लागायचं, अन सर्दीवाल्या माणसाला घरात घेत नव्हतो. काहींना तोंडावाटे स्टेरॉइड देतात, काहींना विगाबाट्रिन नावाचं फिटचं औषध, त्याच्यात डोळे तपासत राहतात. आपापल्या कारणावर असतं, डॉक्टर ठरवतील. लवकर सापडलेल्या काही लेकरांचं माझ्या मुलीपेक्षा बरंच चांगलं झालेलं पण बघितलंय त्या ओपीडीत.

अन तुम्हाला एकटं वाटत असेल तर, हे पहिल्यांदा लिहून ठेवलं ते एका बापानंच. वेस्ट नावाचा इंग्रज डॉक्टर, १८४१ ला स्वतःच्या पोराचं वर्णन लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकाला पाठवलं, डोकं पुढं वाकायला सुरुवात झाली तेव्हा पोरगं चार महिन्याचं होतं. म्हणून याला वेस्ट सिंड्रोम पण म्हणतात. मी ते वाचलं तेव्हा इइजी रूमच्या बाहेर बसलो होतो.

साडेपाच_महिन्याची_आई

सिव्हिलला दाखवलं. मॅडमनी व्हिडिओ दोनदा बघितला, म्हणल्या थांबायचं नाही, नांदेडला पाठवलंय, उद्या सकाळी इइजी. डोक्याला तेल नको म्हणल्या, केस धुऊन आणा, अन झोप आलेली असताना आणा, झोपेतला पण पाहिजे. आई ऐकंना, टाळू भरल्याशिवाय लेकराला बाहेर नेऊ नये म्हणती.

निवृत्त_सिस्टर_नांदेड

आईला सांग तेलानं वायरी चिकटत नाहीत, रिपोर्ट खराब येतो अन परत यावं लागतं. टेस्ट झाली की तिथंच बाहेर बसून भरू दे टाळू. पहाटे लवकर उठव, गाडीत झोपू देऊ नको, अन अंगावर पाजायचं मशीनजवळ गेल्यावर, लगेच झोपतं. मी विष्णुपुरीपासून जवळच राहते, डबा लागला तर मेसेज टाक.