पुस्तकं काढून देणारे सगळेच गद्दार का?

कागदपत्री: 'खरे हुतात्मे कोण' या लेखात काल वाचलं की, रोमन सम्राट डायोक्लेशनने ३०३ साली ख्रिस्ती धर्मग्रंथ जप्त करायचा हुकूम काढला तेव्हा ज्यांनी पुस्तकं दिली नाहीत तेवढेच खरे ख्रिस्ती, म्हणजे पुढचे डोनॅटसवादी (पुस्तकं देणाऱ्या पाद्र्यांना न मानणारा उत्तर आफ्रिकेतला वेगळा पंथ), बाकी कार्थेजचा बिशप केसिलियन आणि त्याची माणसं गद्दारांची पिलावळ. डोकंच फिरलं.

१९ मे ३०३ ला किर्टा शहरात (आजचं अल्जेरियातलं कॉन्स्टंटाइन) चर्चची झडती झाली. तिचा पंचनामा शिल्लक आहे, तो वाचा. सोन्याचे दोन चषक, चांदीचे सहा, बायकांचे ८२ झगे, बायकांच्या पादत्राणांचे ४७ जोड. त्यात सिल्वानस नावाच्या उपडीकनने (चर्चमधला कनिष्ठ सेवक) चांदीची पेटी आणि चांदीचा दिवा काढून दिला. हाच पुढे डोनॅटसवाद्यांचा बिशप झाला! ३२० च्या चौकशीत सगळं बाहेर आलं.

दक्षिणकाठ: एका सिल्वानसवरून अख्ख्या पंथाला झोडपू नका. पुढे सम्राट कॉन्स्टंटाइनने त्यांची चर्चं काढून घेतली. ३४७ मध्ये सम्राटाचा दूत मॅकेरियस याच्या मोहिमेत सैनिकांनी माणसं मारली. ४११ ला कार्थेजमध्ये दोन्ही बाजूंची वादसभा भरवली आणि ४१२ ला त्यांच्यावर दंडाचा कायदा आणला. त्यांचा विरोधक बिशप ऑगस्टिन आधी सक्ती नको म्हणत होता, नंतर लूकच्या शुभवर्तमानातला 'आत यायला भाग पाडा' हा दाखला देऊन त्याने सक्तीचं समर्थन केलं. राजसत्तेने मारलेल्याला हुतात्मा म्हणायचं नाही, तर कोणाला म्हणायचं?

कागदपत्री: आणि सर्कमसेलियन, डोनॅटसवाद्यांच्या त्या दंडेल टोळ्या? हातात 'इस्राएल' नावाचे दंडुके, तोंडी 'देओ लाउदेस' (देवाची स्तुती असो), आणि विरोधी पाद्र्यांच्या डोळ्यांत चुना नि व्हिनेगर! मरणाने धाडस सिद्ध होतं, बाजू नाही.

दक्षिणकाठ: चुन्याची गोष्ट ऑगस्टिनच सांगतो. फिर्यादीच्या जबानीवर निकाल देताय तुम्ही.

कागदपत्री: बरं, तेवढं मान्य. एकतर्फी आहे. पण सिल्वानसचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

वसईची लेक: तुमच्या भांडणात त्या पंचनाम्यातली बाई राहून गेली. आमच्या गावच्या गोन्सालो गार्सियांना १५९७ ला नागासाकीत क्रूसावर चढवलं. त्यांच्याबद्दल ऐकतच मी मोठी झाले, अभिमान आहेच. पण किर्ट्यात कोद्देओ नावाचा वाचक (चर्चमध्ये धर्मग्रंथ वाचून दाखवणारा) घरी नव्हता, तेव्हा त्याच्या बायकोने सहा पुस्तकं काढून दिली. 'आणखी आहेत?' 'नाहीत.' सरकारी गुलामाला आत पाठवलं. तो म्हणाला, 'शोधलं, सापडलं नाही.' संपलं. तिचं नावही लिहिलेलं नाही. तिला गद्दार म्हणणार?

दक्षिणकाठ: ताई, भावनेवर नेऊ नका. त्याच झडतीत कातुलिनस आणि मार्कुक्लियस या उपडीकनांनी बाकीच्या वाचकांची नावं सांगितली नाहीत. 'आम्ही इथे आहोत, मारायचा हुकूम द्या' म्हणाले. त्यांना पकडलं. सगळ्यांना एकाच मापाने मोजलं तर या दोघांचं काय उरलं?

वसईची लेक: त्या दोघांचं मोठेपण मी कुठे नाकारलं? ज्या घरात पोलीस शिरलेत, त्या घरातल्या बाईबद्दल बोलतेय मी.

जुनी ट्रंक: मी इथे कधी लिहीत नाही, आज लिहिते. १९७५, आणीबाणी. आजोबा भूमिगत होते. पोलीस आले तेव्हा घरात आजी आणि चार पोरं. माळ्यावर ट्रंकेत पत्रकं आणि वर्गणीची वही. आजीने ट्रंक खाली उतरवून दिली. वही मात्र आधीच चुलीत घातली होती, कारण त्यात लोकांची नावं होती. गल्लीत पुढे कित्येक वर्षं 'हिने ट्रंक दिली' एवढंच चाललं. वहीचं सांगायला तिने कधी तोंड उघडलं नाही, आम्हाला ती गेल्यावर आत्याकडून कळलं.

दक्षिणकाठ: तुमच्या आजीबद्दल एक शब्द बोलणार नाही. कोद्देओच्या बायकोलाही गद्दार म्हणणार नाही, घ्या. सिल्वानसला म्हणेन, कारण तो नंतर दुसऱ्यांना तेच म्हणणाऱ्यांचा बिशप झाला.

कागदपत्री: मग सकाळपासून मी काय सांगतोय?

जुनी ट्रंक: आजोबा सुटून आले तेव्हा त्यांनी दारातच विचारलं होतं, 'वही कुठंय?'