होडी ‘शाकारणे’ म्हणजे नेमके काय?

खाडीकाठ (ऐरोली) :
माझ्या एका स्नेह्यांनी तीस फुटी, फायबरची, बरीच जुनी शिडाची होडी विकत घेतली आहे. पावसाळा सरल्यावर कोकण किनाऱ्याने मालवणपर्यंत जाण्याचा त्यांचा बेत आहे. निघण्यापूर्वी करावयाच्या कामांची यादी इंग्रजीत होती आणि कारागीर दिवाळे कोळीवाड्यातले, म्हणून ती मराठीत करून देण्याचे काम माझ्याकडे आले. यादीला मी ‘होडी शाकारण्याची कामे’ असे शीर्षक दिले. दुसऱ्या दिवशी मुख्य कारागीर ताडपत्री, बांबू आणि सुंभाची भेंडोळी घेऊन हजर झाले. होडी शाकारायची म्हणजे ती किनाऱ्यावर ओढून, शीड उतरवून, पावसाळ्यासाठी झाकून ठेवायची, असे त्यांचे म्हणणे. आमच्या रोह्याकडच्या घरी मात्र ‘घर शाकारणे’ म्हणजे कौले उतरवणे, फुटकी बदलणे, वासे-रिपा ठोकून पाहणे आणि मग पुन्हा चढवणे. त्यात झाकण्यापेक्षा दुरुस्तीच अधिक असे. मग होडीच्या सर्वांगीण दुरुस्तीला हा शब्द का चालू नये? चालत नसेल, तर कारागिराला एका दमात कळेल असा दुसरा शब्द कोणता?

चेंदणीकर :
कारागिरांचेच बरोबर आहे. 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते आणि त्याआधीच्या आठवड्यात ‘नौका शाकारण्याची लगबग’ हा मथळा दरवर्षी वर्तमानपत्रांत येतो. शाकारलेली होडी पाण्यात नसते, हा त्या शब्दाचा प्राण आहे. जिला दर्यात धाडायचे तिला शाकारून कसे चालेल? नारळी पौर्णिमेच्या आधी आम्ही जे काही करत असू, त्याला ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात स्वतंत्र नाव नव्हते. ‘होडी तयार करायला काढली’ एवढेच माझे वडील म्हणत, आणि त्यात रंगापासून नांगराच्या दोरापर्यंत सगळे येई.

कोशवेडी (डोंबिवली, पूर्वी ठाणे) :
दोघांचेही अर्धे बरोबर आहे, असे मला वाटते. गवताचे किंवा झावळ्यांचे छप्पर नव्याने घालणे हा या शब्दाचा मूळ व्यवहार असावा. कौलांना आमच्याकडे ‘कौले परतणे’ किंवा ‘चाळणे’ म्हणत. कौलांच्या घराला ‘शाकारणे’ हे नंतर चिकटले असेल. माझा स्वतःचा तर्क असा की हा शब्द ‘शाखा’ याच्याशी जोडलेला आहे, कारण झाकायला फांद्या आणि झावळ्याच वापरत. हा केवळ तर्क आहे, कोणी पुरावा मागू नये.

शब्दमित्र (नौपाडा) :
पुरावा मागायचा नाही, तर मग व्युत्पत्ती सांगावी तरी कशाला? ते असो. आपल्या भाषेत उपसर्गांची वानवा नाही. ‘पुनःसज्जता’ हा शब्द घ्यावा: नौकेची पुनःसज्जता. त्यात दुरुस्ती, सामान भरणे, शिडे-दोर बदलणे, सर्व सामावते. आज जड वाटेल, उद्या रुळेल. सावरकरांनी ‘महापौर’ सुचवला तेव्हाही लोक हसलेच असतील. आज ठाण्यात कोणी ‘मेयर’ म्हणत नाही.

चेंदणीकर :
काका, ‘पुनःसज्जता’ असे कारागिराला सांगितले, तर तो या वेळी ताडपत्रीही आणणार नाही.

गोदीवाला (बेलापूर) :
मी जहाजदुरुस्तीत आयुष्य घालवले. गोदीत फिटरपासून मुख्य अभियंत्यापर्यंत सर्वांचा शब्द एकच: ‘रीफिट’, म्हणजे जहाज दुरुस्त करून पुन्हा सज्ज करणे. ‘जहाज रीफिटला गेलंय’ हे वाक्य मराठी नाही असे ज्यांना म्हणायचे आहे, त्यांनी ‘टेबल’ आणि ‘पगार’ आधी परत करावेत.

मात्र मुद्दा शब्दाच्या जातीचा नसून कामाच्या व्याप्तीचा आहे. भारतीय लष्कराची ‘तृष्णा’ 1985 ते 1987 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. ती इंग्लंडमध्ये घेतलेली वापरलेली नौका होती. तिचे सांगाडे बदलले नाहीत. तिची तपासणी, दुरुस्ती आणि सज्जता झाली. याउलट अमेरिकी खलाशी जोशुआ स्लोकम यांना ‘स्प्रे’ ही नौका मिळाली ती शेतात उभी करून ठेवलेली, कुजत चाललेली. त्यांनी 13 महिने खपून, 553.62 डॉलर खर्चून तिच्या जवळजवळ सर्व फळ्या नव्या घातल्या, 1895 मध्ये बॉस्टनहून निघाले आणि 1898 मध्ये एकट्याने प्रदक्षिणा पुरी केली. त्यांच्या कामाला मी रीफिट म्हणणार नाही, तो जीर्णोद्धार होता. खाडीकाठ यांच्या स्नेह्यांना यांपैकी नेमके काय करायचे आहे, हे कळल्याशिवाय शब्द सुचवणे व्यर्थ आहे.

शब्दमित्र :
‘जीर्णोद्धार’ हा देवळाचा शब्द आहे. होडीला तो लावणे मला खटकते.

चेंदणीकर :
होडीची पूजा करणाऱ्यांना खटकत नाही.
शिवाय फळ्यांचा विषय निघालाच आहे, तर ‘कालापाती’ हा शब्द कोणी ऐकला आहे का? दोन फळ्यांच्या सांध्यात तेल-राळेत भिजवलेली कापसाची वात बोथट छिणीने आणि लाकडी मोगरीने ठोकून बसवायची, त्याला आमच्याकडे कालापाती करणे म्हणत. सांधा भरत आला की ठोक्याचा आवाज बदलून टणक होई, आणि आजोबा अंगणातून ओरडत, ‘आता थांब, फळी उसवेल.’ होडी पाण्यात पडल्यावर लाकूड फुगते, म्हणून थोडी जागा त्याच्यासाठी सोडावी लागते.

कोशवेडी :
हा शब्द सोन्याच्या मोलाचा आहे! अरबीत ‘कल्फत’, तुर्कीत ‘कलाफात’, पोर्तुगीजमध्ये ‘कालाफेतार’. सर्वांचा अर्थ हाच. आपल्याकडे तो अरब खलाशांबरोबर आला की पोर्तुगीज सुतारांबरोबर, हा खरा प्रश्न आहे. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर तेथे शिवरायांची जहाजबांधणी सुरू झाली आणि आरंभी तिच्यात पोर्तुगीज कारागीर होते. तेव्हा आपल्या याच खाडीपट्ट्यात तो सुतारांच्या तोंडी रुळला असेल, असे मानायला मला आवडते.

शब्दमित्र :
आवडणे आणि असणे यांत अंतर आहे. अरबांचा व्यापार या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या शेकडो वर्षे आधीपासून होता. शब्दही त्यांच्याचबरोबर आला असणार. आणि परकीय शब्द चारशे वर्षे राहिला म्हणून ‘सांधेभरणी’ हा स्वच्छ मराठी शब्द टाकून का द्यावा?

चेंदणीकर :
सांधेभरणी भिंतीचीही होते. कालापाती फक्त होडीची होते.

खाडीकाठ :
सर्वांचे आभार, परंतु आमची होडी फायबरची आहे. तिला फळ्याही नाहीत आणि सांधेही नाहीत. गोदीवाले यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की सांगाडा शाबूत आहे. तळाला बुडबुड्यांसारखे फुगवटे आले आहेत, डोलकाठीला तोलून धरणाऱ्या तारा जुन्या आहेत आणि तळातून पाणी आत-बाहेर करणाऱ्या झडपा अडकल्या आहेत. मला अजूनही केवळ शीर्षक हवे आहे.

गोदीवाला :
शीर्षक राहू द्या, आधी तारा पाहा. कापसाचा बोळा तारेवरून हलकेच वर-खाली फिरवावा. तारेचा एखादा पीळ तुटला असेल, तर तेथे कापूस अडकतो. तार जेथे टोकाच्या धातूच्या खोबणीत शिरते, तेथे भिंग घेऊन केसासारखी चीर आहे का ते तपासावे. डोलकाठी पडते ती बहुधा तेथूनच. फुगवटे फोडून होडी पुरेशी वाळू द्यावी. ओल्यावर रेझिनचा लेप चढवला, तर पुढच्या वर्षी तेच फुगवटे पुन्हा येतील. तळाची जस्ताची वडीही बदलावी.

कोशवेडी :
जस्ताच्या वडीला मराठीत काही नाव आहे का? ती स्वतः झिजते आणि होडी ढकलणाऱ्या पंख्याचा व त्याच्या दांड्याचा धातू वाचवते, म्हणून ‘बळीची वडी’ म्हणावे काय?

शब्दमित्र :
‘त्यागधन’!

गोदीवाला :
गोदीत तिला ‘झिंक’ म्हणतात. नाव काहीही ठेवा, पण कारागिरांना यादीत ठळक अक्षरांत लिहून द्या की तिच्यावर रंग लावायचा नाही. रंगाखाली ती झिजत नाही, आणि ती झिजली नाही की पंखा खाल्ला जातो.

चेंदणीकर :
दिवाळे कोळीवाड्यातल्या माणसाला ‘झिंक’ कळते, ते लिहायची गरज नाही. ‘त्यागधन’ लिहिले, तर मात्र तो पुन्हा ताडपत्री घेऊन येईल.

शब्दमित्र :
आपण माझ्या शब्दाची थट्टा करता, पण ‘पंखा’ हा शब्द तरी जहाजाचा आहे काय?